पाटीवरची मराठी

मराठीविषयी आपण साहित्याचे अभ्यासक जी चर्चा करतो ती बहुधा शब्दांपाशी सुरू होते आणि शब्दांपाशीच संपते. शुद्धलेखन, बोली, परभाषेतील शब्दांची उसनवारी, अनुवाद हे आपले नेहमीचे विषय. शब्द ज्या आकारात डोळ्यांसमोर येतो त्या आकाराचा विचार मात्र आपण छापखान्यावर सोपवून मोकळे झालो आहोत. वस्तुतः वर्षात एकही पुस्तक हाती न धरणारा माणूस रोज मराठी वाचतच असतो. किराणा दुकानाची पाटी, मसाल्याच्या पुडीवरचे नाव, पोळीभाजी केंद्राचा फलक हे त्याचे वाचन होय. या मराठीचे अक्षर कोण निवडतो आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न छोट्या व्यापाऱ्याचा जितका आहे तितकाच तो भाषेचाही आहे.

या प्रश्नाला अलीकडे कायद्याचे निमित्त मिळाले. महाराष्ट्रात २०२२ साली दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरे आरंभी असावीत आणि त्यांचा आकार अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा, अशीही अट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना या पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मुंबईतील पाट्या भराभर बदलल्या. मराठी दिसू लागली, हे चांगलेच झाले. पण ती कशी दिसू लागली? रोमन नाव कोणा जाणकाराकडून घडवून घेतलेले आणि त्याच्याशेजारी मराठी नाव फ्लेक्सवाल्याच्या संगणकात जो फाँट प्रथम सापडला त्यात, असे दृश्य अनेक ठिकाणी दिसते. कायदा पाळला गेला आहे, पण मराठी तेथे पाहुणी म्हणूनही नव्हे, दंड टाळण्यापुरती उभी आहे.

‘आकार लहान नसावा’ या अटीतही एक मेख आहे. रोमन मोठ्या अक्षरांना वर-खाली काही चिकटत नाही. दिलेली सगळी उंची ती व्यापतात. देवनागरीला शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार यांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा सोडावी लागते. त्यामुळे संगणकावर दोन्हींना एकच माप दिले तरी देवनागरीचे मूळ अक्षर डोळ्याला लहान भासते. मापाची समता पाळूनही दृश्य समता साधत नाही, ती मुद्दाम साधावी लागते. अनुवादात शब्दाला शब्द ठेवून अर्थ हातून निसटावा, तसाच हा प्रकार आहे.

पूर्वी हे काम हाताने होत असे. पेंटर फळीची लांबी पाहून नाव बसवी. ‘श्री’ किती फुलवायचा आणि शेवटचा ‘स’ कोठे आवरायचा हे त्याला कळत असे. मराठी रंगभूमीच्या जाहिरातींत कमल शेडगे (निधन २०२०) यांनी नाटकांच्या नावांना जे वळण दिले, त्यात शोकांतिका आणि फार्स यांतला फरक नाव वाचतावाचताच जाणवे. गतकाळाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. पेंटरांच्या कामातही सराईत साचेबंदपणा पुष्कळ होता. तथापि ते अक्षर त्या नावासाठी आणि त्या फळीसाठी काढलेले असे. डीटीपीच्या आगमनानंतर तयार अक्षर नावावर चढवले जाऊ लागले आणि जागेत बसेना तेव्हा ते आडवे-उभे ताणले जाऊ लागले. ताणलेल्या अक्षरात उभे दंड जाड आणि शिरोरेघ बारीक, किंवा याच्या उलट होते. बोरूच्या छाटणीतून आलेले जाड-बारीक रेषांचे नाते तेथे मोडते.

आज परिस्थिती पुन्हा बदलली आहे आणि या बदलाची दखल आपण पुरेशी घेतलेली नाही. पाटीसाठी, शीर्षकासाठी घडवलेले चांगले देवनागरी फाँट आता मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ नावाप्रमाणेच गुबगुबीत आहे; त्याच्या अक्षरांच्या पोटात जेमतेम फट उरते. ‘यात्रा वन’ हा मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला असून त्यातील रोमन अक्षरेही देवनागरीच्या लेखणीचा कोन स्वीकारतात. ‘इंडियन टाइप फाउंड्री’चा ‘रोझा वन’ जाड-बारीक रेषांच्या ठळक विरोधावर उभा आहे, तर ‘कलम’ हस्ताक्षराच्या जवळ जातो. म्हणजे निवडीला वाव आहे. उणीव आहे ती निवडीच्या निकषांची.

समजा, एखाद्या बाई घरगुती भाजणी, मेतकूट आणि लोणची विकू लागल्या. त्यांच्यासाठी ‘मोदक’ मोहक वाटेल. दुकानाच्या पाटीवर तो शोभेलही. पण शंभर ग्रॅमच्या पुडीवर आणि मोबाइलच्या पडद्यावर त्याच्या फटी बुजतील आणि ‘भाजणी’ हा एक काळा ठिपका होईल. ‘रोझा’च्या बारीक रेषा स्वस्त छपाईत तुटतील. म्हणून पहिला निकष असा की अक्षर सर्वांत लहान जागी वाचता आले पाहिजे. दुसरा निकष स्वराचा. लोणच्याच्या बरणीने सराफाच्या पेढीच्या आवाजात बोलू नये. तिसरा संयमाचा. नावाला एक ठसठशीत फाँट पुरे. घटक, वजन, पत्ता यांसाठी ‘मुक्ता’सारखा साधा, शांत फाँट असावा. आणि अक्षरांमधले अंतर रोमनच्या अनुकरणाने वाढवू नये, कारण त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्द विखुरतो. ॲक्रिलिकची अक्षरे सुटी कापून बसवतानाही हेच घडते.

चौथा निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो खास मराठीचा आहे. देवनागरी एक असली तरी मराठीचे डोळे वेगळे आहेत. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूढ रूपे; महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातही त्यांचा आग्रह आहे. हिंदी डोळ्यासमोर ठेवून घडवलेल्या फाँटांत ही रूपे नसतात. काहींत दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याखेरीज मराठी रूप पुढे येत नाही. त्याहून नाजूक परीक्षा ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ‘कऱ्हाड’, ‘न्याहारी’, ‘ॲल्युमिनियम’, ‘शाळा’, ‘लक्ष्मी’ हे पाच शब्द निवडलेल्या फाँटात टाइप करून पाहावेत. ज्याला हे शब्द नीट उमटवता येत नाहीत, तो फाँट कितीही देखणा असला तरी मराठी व्यवसायाच्या कामाचा नाही.

देवनागरीला रोमनचे सोंग देण्याच्या हौसेबद्दलही थोडे. परदेशांतील भारतीय उपाहारगृहांच्या पाट्यांवर शिरोरेघ ल्यालेली रोमन अक्षरे दिसतात. ‘समरकन’ हा त्या जातीचा प्रसिद्ध फाँट. ते पाहून आपल्याला हसू येते. मात्र आपल्याकडे इंग्रजी बोधचिन्हाचे तुकडे जोडून मराठी नाव ‘जुळवले’ जाते तेव्हा आपल्याला ते आधुनिक वाटते. दोन्हींत दोष एकच आहे. एका लिपीच्या अंगावर दुसरीचे कपडे चढवले आहेत. जुळणी हवी ती वजनाची, लयीची, स्वभावाची, अवयवांची नव्हे.

यावर कोणी म्हणेल की गिऱ्हाईक चव पाहते, भाव पाहते, अक्षर पाहत नाही. हे खरे, परंतु अपुरे आहे. चव घेण्यापूर्वी पुडी उचलावी लागते आणि पुडी उचलण्यापूर्वी नाव वाचावे लागते. पदरी पैसा कमी असलेल्या व्यवसायाला तर जाहिरात परवडत नसते. पाटी आणि पुडी हीच त्याची जाहिरात. मोठ्या कंपन्या स्वतःसाठी फाँट घडवून घेतील. छोट्या व्यावसायिकाच्या हाती निवड एवढेच साधन आहे आणि ते आज फुकट उपलब्ध आहे.

दुसरा आक्षेप असा येईल की हे चित्रकारांचे क्षेत्र, साहित्याच्या शिक्षकाने त्यात का पडावे? तर ‘ऱ्य’ चुकला की नाही हे चित्रकाराआधी मराठीच्या शिक्षकाला कळते म्हणून. बाजारपेठेतील पन्नास पाट्या वाचून त्यांतील ‘ल’, ‘श’, जोडाक्षरे आणि दोन लिपींतील नाते टिपून आणण्याचा एक स्वाध्याय पदवीच्या वर्गात सहज देता येईल. त्या वर्गातील काही मुलांच्या घरी दुकाने असतात. पाटी बदलायची वेळ येते तेव्हा घरात विचारण्याजोगे माणूस तेच असते. कायद्याने पाटीवर मराठीसाठी जागा मिळवून दिली. त्या जागेवर मराठी मराठीसारखी दिसावी, हे काम कायद्याच्या आवाक्यातले नाही. ते आपल्याकडे येते.