विश्लेषण : मादी बोआ ‘वयात आली’ हे कसे ओळखायचे? आणि तिचे पिल्लू घ्यावे का?

साप पाळण्याचा छंद आता पुण्या-मुंबईपुरता उरलेला नाही. बोआ हा दक्षिण व मध्य अमेरिकेतला, बिनविषारी, अजगरासारखा दिसणारा साप. तो पाळणाऱ्यांचा हमखास प्रश्न असतो, ‘मादी तीन वर्षांची झाली, आता नर सोडू का?’ उत्तर वयात नाही, मादीच्या शरीरात आहे. आणि आपल्याकडे ते थोडे कायद्यातही आहे.

मांडुळाचे काय?

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. बुलडाणा जिल्ह्यात ‘बोआ’ म्हटले की जवळचा नातलग म्हणजे मांडूळ. शेताच्या भुसभुशीत मातीत राहणारा, शेपटी बोथट असल्याने ‘दोन तोंड्या’ म्हणून बदनाम झालेला. तोही बोआसारखाच अंडी न घालता थेट पिल्ले देतो. पण मांडूळ हा आपला वन्यजीव आहे. तो पकडणे, घरात ठेवणे, त्याची पैदास करणे किंवा विकणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. गुप्तधनाच्या आणि वजनावर लाखोंचा भाव मिळण्याच्या भाकडकथांनी या गरीब प्राण्याचे जेवढे वाटोळे केले, तेवढे नांगरानेही केले नसेल. त्यामुळे पुढचे सर्व विवेचन परदेशी, नोंदणी असलेल्या बोआपुरतेच समजावे.

वय की वजन?

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. संकरित कालवड माजावर आली म्हणून कोणी लगेच भरवत नाही. साधारण २५० किलो वजन झाल्यावरच भरवतात. लवकर गाभण राहिली तर तिचीही वाढ खुंटते आणि वासरूही अशक्त निघते. बोआचे गणित हेच, फक्त अधिक कठोर. गाय गाभणपणी खाते. बोआची मादी गाभण राहिली की बहुधा खाणे सोडते आणि अनेक महिने अंगातल्या साठ्यावर काढते. पिल्ले वाढतात ती आधीच्या दीड-दोन वर्षांत तिने साठवलेल्या चरबीवर.

म्हणून तीन-चार वर्षे हे वय केवळ खालची मर्यादा मानावी. सर्वसाधारण जातीची मादी पाच-सहा फुटांची, अंगाने भरलेली हवी. बेटांवरच्या बुटक्या बोआंना हे माप लागू होत नाही. पाठीचा कणा वर आलेला दिसत असेल तर मादी कमकुवत आहे. पण वळल्यावर अंगावर चरबीच्या वळ्या पडत असतील तर तेही तयारीचे लक्षण नव्हे. लवकर मोठी व्हावी म्हणून दर चार दिवसांनी उंदीर कोंबलेली मादी लांबीने तयार दिसते, आतून नसते. अशा मादीला पिल्लांऐवजी नुसती न फळलेली अंडी पडण्याचा धोका मोठा. माझ्या मते चौथे वर्षही घाईचेच. पाचव्या वर्षापर्यंत थांबल्याने कुणाचे काही बिघडत नाही. एकदा व्याल्यावरही पुढचे वर्ष मोकळे सोडावे.

बीज सुटल्याची खूण मात्र डोळ्यांना दिसते. मादीच्या शरीराचा मधला भाग, मोठे भक्ष्य गिळल्यासारखा, साधारण दिवसभर फुगतो आणि उतरतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते. ती तारीख वहीत लिहावी, कारण तिथून साधारण १०० ते १२० दिवसांनी पिल्ले होतात. सोनोग्राफीत बीजे आधीही दिसतात, फक्त सापाचा अनुभव असलेला पशुवैद्यक हवा. जोडी लावण्यापूर्वी रक्त तपासून घेणे त्याहून महत्त्वाचे. बोआंना जडणाऱ्या एका जीवघेण्या आजारामागे विषाणू असल्याचे २०१२मध्ये समोर आले, आणि वरून धडधाकट दिसणारा नरही तो घेऊन फिरू शकतो.

घाटावर आणि घाटाखाली

जोडी हिवाळ्यात, रात्री थंडावल्यावर लागते. बुलडाणा, चिखली भागातल्या डिसेंबरच्या रात्री त्याला फार गार. तिथे पेटीला ऊब लागेल. खरी अडचण घाटाखाली. हिवाळ्यात जोडी लागली, फेब्रुवारी-मार्चमध्ये बीज सुटले, की मादीचे सगळे गाभणपण एप्रिल, मे आणि जूनमध्ये येते. मलकापूर, खामगाव, शेगावकडे पारा तेव्हा ४३-४४ अंशांवर असतो. गाभण मादीला ३१-३२ अंशांचा उबारा हवा असतो, भट्टी नव्हे. दुपारी चार तास वीज गेली तर पंखा आणि कूलर कशावर चालणार, याचे उत्तर नसेल तर मादी तयार असूनही पाळणारा तयार नाही.

पिल्ले झाल्यावर?

बोआला एका वेळी २०-२५ पिल्ले सहज होतात, कधी ५०हून अधिक. पंचवीस पिल्लांना आठवड्याला एकेक छोटा उंदीर म्हटला तरी महिन्याला शंभर उंदीर झाले. प्रत्येकाला वेगळा डबा, वेगळे पाणी. शिवाय केंद्राने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित केलेल्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची ‘परिवेश २.०’ पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. नवा जन्म, मृत्यू, दुसऱ्याकडे देणे, हेही कळवावे लागते. अर्जेंटिनाच्या बोआची पैदास करायची तर वेगळा परवाना लागतो. मूळ मादीचेच कागद नसतील तर तिच्या पिल्लांचे कुठून येणार?

नर नसला म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. अमेरिकेतील एका मादी बोआने दोन वेतांत नराविना २२ पिल्ले दिल्याचे संशोधकांनी २०१०मध्ये जनुकीय चाचणीने दाखवले. सगळी माद्याच होत्या. असे क्वचितच घडते. पण एकट्या मादीच्या पेटीत एखाद्या सकाळी वळवळणारी पिल्ले दिसली, तर आधी त्यांची मोजदाद करावी आणि जन्माची नोंद पोर्टलवर टाकावी. नको झाली म्हणून ज्ञानगंगेच्या जंगलात किंवा लोणारच्या काठावर सोडायला निघू नये.