फोन करणाऱ्यालाही कलम लावा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बीड (अध्यक्ष, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती)
मा. पोलीस अधीक्षक, बीड
मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी, अंबाजोगाई

विषय : गाडी चालवणाऱ्याला फोन कोण करतं, याची चौकशी होण्याबाबत.

महोदय,

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं. बॅनर लागतं, शाळेची पोरं फेरी काढतात, चालकांचे डोळे तपासले जातात, एखाद्या चौकात हेल्मेट न घातलेल्यांना गुलाबाचं फूल मिळतं. गाडी चालवताना मोबाइलवर बोलू नका, हेही सांगून होतं. सांगितलं जातं ते फक्त चालकाला. समोरून त्याला फोन लावणारा माणूस त्या वेळी दुकानात, फडात, ऑफिसात किंवा घरी पंख्याखाली बसलेला असतो आणि त्याला कोणी काही विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. हे पत्र त्याच्याबद्दल आहे.

परळीचा रस्ता खेपेवर चालतो. औष्णिक विद्युत केंद्राची राख दादाहरी वडगावच्या तळ्यातून निघते आणि टिप्पर, हायवा, बल्करमधून वीटभट्ट्यांकडे, सिमेंट कारखान्यांकडे जाते. चालकाला पैसे खेपेवर मिळतात आणि मालकाचा नफाही खेपेवरच असतो. चौथी खेप झाली की पाचवी निघते का, हे मालक दिवसभर बघत राहतो. म्हणून फोन येतो. “कुठपर्यंत आलास?” “काट्यावर किती गाड्या हायेत?” “भट्टीवाला बोंबलायलाय, हाण लवकर.” टपरीवर चहा घेताना चालकाचा फोन स्पीकरवर असला की आपल्यालाही सगळं ऐकू येतं. तोच फोन दहा मिनिटांनी अंबाजोगाई रस्त्यावर, कण्हेरवाडीच्या अलीकडे-पलीकडे येतो, तेव्हा एक हात स्टेअरिंगवर असतो आणि दुसरा कानाशी. मालकाचा फोन उचलला नाही तर उद्या त्याच सीटवर दुसरा पोरगा बसलेला दिसेल, हे चालकाला कोणी शिकवावं लागत नाही.

हंगाम सुरू झाला की ऊस येतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, पुढे टेप मोठ्याने, आणि त्या आवाजातही फोन चालूच. एकीकडून मुकादम फडातून विचारतो, दुसरीकडून चिटबॉय कारखान्यातून. काळी-पिवळीवाल्याला पुढच्या फाट्यावरची सवारी धरायची असते, तो आपणच फोन करत जातो. मोटारसायकलवाल्यांचं काय सांगावं? मान वाकडी, फोन खांद्यात दाबलेला. नाहीतर डोक्याला बांधलेल्या रुमालात खोचलेला, मागे बायको आणि टाकीवर लेकरू. त्याला बहुधा घरूनच विचारलेलं असतं, येताना दळण आणताय ना.

हातातला फोन वाईट पण कानातलं यंत्र चालतं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. १९९७ साली टोरंटोत रेडेलमायर आणि टिब्शिरानी या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांचे फोनचे तपशील काढून तपासले. फोनवर बोलताना अपघाताची शक्यता साधारण चौपट होते असं त्यांना आढळलं, आणि हात मोकळा ठेवणाऱ्या फोनचा काही फायदा दिसला नाही. बिघडतं ते लक्ष. ते मालकाच्या शिव्यांकडे गेलं की डोळे उघडे असूनही समोरची बैलगाडी दिसत नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी पाच सेकंदांत ८३ मीटर पुढे जाते. राखेने भरलेल्या हायवाला तेवढ्या अंतरात काय काय आडवं येऊ शकतं, हे आमच्या शहराला सांगायची गरज नाही. जानेवारी २०२५ मध्ये तालुक्यातल्या एका सरपंचांचा राखेच्या टिप्परच्या धडकेत जीव गेला. त्या अपघातात फोनचा संबंध होता असं मी म्हणत नाही. या गाड्या किती वजनाच्या आणि किती घाईच्या असतात, एवढंच त्यावरून लक्षात घ्यावं. आणि ३ जून २०१४ ची सकाळ तर या तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. नाथऱ्याचे गोपीनाथराव मुंडे दिल्लीच्या एका चौकात मोटारीच्या अपघातात गेले, मंत्रिपदाची शपथ घेतल्याला आठवडाच झाला होता. तिथेही फोनचा प्रश्न नव्हता. पण दर ३ जूनला त्यांच्या स्मारकावर, गोपीनाथगडावर जे हजारो लोक गाड्या घेऊन येतात, त्यांतल्या किती जणांच्या कानाला फोन असतो, हे त्या दिवशी फाट्यावर उभं राहून कोणीही बघावं.

आता कायद्याकडे वळतो, कारण तुम्हा तिघांच्या हातात तेच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १८४ मधल्या धोकादायक वाहन चालवण्यात हातातल्या फोनचा वापर स्पष्ट शब्दांत आला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना बजावलं होतं की गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा. हे सगळं चालकासाठी झालं.

त्याच कायद्यात कलम १८८ आहे. ते फारसं कोणी उघडत नाही. कलम १८४, १८५ किंवा १८६ खालच्या गुन्ह्याला जो चिथावणी देईल किंवा साथ देईल, त्याला त्या गुन्ह्याचीच शिक्षा, असं ते सांगतं. चालक भरल्या गाडीत रस्त्यावर आहे हे माहीत असताना जो मालक त्याला फोनवर फोन लावतो, उचलला नाही म्हणून हप्ता कापायची धमकी देतो आणि वर “हाण लवकर” म्हणतो, तो साथ देणारा नाही तर कोण आहे? न्यायालयात हे टिकेल की नाही ते न्यायालय ठरवेल. वकील म्हणतील, मालकाला काय माहीत तो चालवत होता की थांबला होता. ठीक आहे, म्हणू द्या. पण एखादा गुन्हा दाखल तर होऊ द्या. एका मालकाला एकदा अंबाजोगाईच्या कोर्टाची पायरी चढावी लागली की बाकीच्यांना बॅनर वाचून दाखवावं लागणार नाही.

मालकाला जबाबदार धरता येतं, याचं एक उदाहरण राज्यात आहे. मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत होता. प्रवाशाने त्याचं चित्रण करून ते परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांना पाठवलं. चालकाला काढून टाकण्यात आलं आणि गाडी पुरवणाऱ्या खासगी कंपनीलाही ५,००० रुपये दंड झाला. पाच हजार म्हणजे अशा कंपनीला किरकोळच. तरी दंडाची पावती चालकाच्या पुढे, मालकाच्या टेबलापर्यंत गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं. फक्त ते घडलं मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित गाडीत, व्हिडिओ थेट मंत्र्यांना पाठवू शकणाऱ्या प्रवाशामुळे. राखेच्या टिप्परमध्ये प्रवासी नसतो.

म्हणून पोलीस अधीक्षकांना विनंती आहे, ती सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड. जिल्ह्यात प्राणघातक अपघात झाला की चालकाच्या फोनचे कॉल तपशील मागवा. खुनाच्या तपासात ते तुम्ही मागवताच. रस्त्यावर मेलेला माणूसही मेलेलाच असतो. अपघाताच्या मिनिटाला कॉल चालू होता का आणि कोणाचा होता, हे त्यातून कळेल. व्हॉट्सॲपवरचा कॉल कंपनीच्या तपशिलात येत नाही, हे चालकांनाही आता ठाऊक झालंय. तेव्हा फोनच ताब्यात घेऊन बघावा लागेल. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात मोबाइलमुळे झालेले मृत्यू २०२१ साली १,०४० होते आणि २०२२ साली ३,३९५. एका वर्षात देशातले चालक तिपटीने बिघडले, यावर माझा विश्वास नाही. नोंद कोण कशी करतो, यावर हा आकडा हलतो. ‘वाहनावरील ताबा सुटला’ असं पंचनाम्यात लिहिलं की तपास तिथेच संपतो. ताबा का सुटला, हा रकाना भरायला कोणी मागे लागत नाही.

परिवहन अधिकारी साहेब, एमएच ४४ च्या गाड्यांचे परवाने तुमच्या कार्यालयात येतात. निलंबन करताना मालकालाही लेखी नोटीस द्या आणि त्याच मालकाच्या दुसऱ्या गाडीचा चालक फोनवर सापडला तर ती नोटीस पुढे करा. जिल्हाधिकारी साहेब, महानिर्मिती आणि साखर कारखाने तुमच्या समितीपुढे बोलावता येतात. राख उचलण्याच्या गेटपासवर आणि ऊस वाहतुकीच्या करारात एक ओळ घालायला सांगा : गाडी चालू असताना चालकाला फोन करायचा नाही, केल्याचं दिसलं तर वाहतूकदाराची गाडी पंधरा दिवस काट्यावर येणार नाही. गाडी कुठे आहे हेच कळायचं असेल तर जीपीएस बसवावं. टिप्परच्या एका टायरपेक्षा ते स्वस्त पडतं.

चालकांची बाजू घेतोय असं कोणाला वाटेल. रील बघत गाडी हाणणाऱ्याची बाजू मी घेत नाही. त्याचा परवाना खुशाल काढून घ्या. पण पोटासाठी फोन उचलणारा आणि करमणुकीसाठी उचलणारा यांना एकाच पावतीने हाताळलं तर पहिला पावतीचे पैसे मालकाकडून उचल म्हणून घेतो, आणखी एका खेपेचं कर्ज डोक्यावर घेतो आणि अजून जोरात पळवतो. असा दंड करून रस्ता आणखी धोक्याचा होतो.

समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. वर्षभरात कलम १८८ खाली जिल्ह्यात किती गुन्हे दाखल झाले, तो आकडा शून्य असला तरी परळीच्या तहसील कचेरीतल्या फलकावर लावावा आणि पुढच्या ३१ मार्चला त्याच फलकावर नवा आकडा लावावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
परळी वैजनाथचा एक रहिवासी