चर्च काय पोर्तुगीजांच्या बापाचं आहे?

उरणच्या द्रोणागिरीवर चढणाऱ्या पोरांच्या रील्समध्ये समुद्र असतो, ढग असतात, झेंडा असतो. नसतं ते तिथलं पडकं चर्च. चुकून फ्रेममध्ये आलंच तर खाली कॅप्शन: 'पोर्तुगीज अवशेष'. विषय संपला.

माझं भांडण या कॅप्शनशी आहे.

साधा हिशेब करा. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. म्हणजे झाली दोनशेपाच वर्षं. त्यानंतर आजवर पावणेतीनशेहून जास्त वर्षं उलटलीत. एवढ्या काळात उत्तर कोकणातल्या गावोगावच्या चर्चवर कौलं कोणी शाकारली? मेणबत्ती कोणी लावली? लिस्बनच्या सरदारांनी नव्हे. भात लावणाऱ्या, मासे मारणाऱ्या, घरात मराठीचीच आपली बोली बोलणाऱ्या माणसांनी. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी घेतलं १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी. माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून इथलीच. तिकडे कोर्लईत तर किल्ला मराठ्यांकडे येऊनही पोर्तुगीज वळणाची बोली गावात टिकली, तिच्यात मराठी मिसळली. ते गाव आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे.

'पण त्यांनी देवळं मोडली!' मोडली. बाटवाबाटवीही केली. उरण तालुक्यातल्याच घारापुरीचा शिलालेख पोर्तुगीजांनी उचलून नेला, तो कायमचा हरवला. हे विसरा असं कोणी म्हणत नाहीये. पण त्याची वसुली रविवारी मिस्साला आलेल्या मावशीकडून करायची का? (आणि घारापुरीचं 'एलिफंटा' हे बारसंही पोर्तुगीजांचंच. लाँचच्या तिकिटावर ते आपल्याला बरं चालतं.)

वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी चर्चच्या घंटा आणल्या, विजयाची खूण म्हणून आणल्या, कबूल. पण टांगल्या कुठे? भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, मेणवलीच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत. तिच्यासोबत सेल्फी काढताना कोणाला परकं वाटत नाही. मग ती घंटा ज्या भिंतींमधून आली, त्या भिंती तेवढ्या परक्या?

दुसरी जात गोड बोलणाऱ्यांची. यांना 'हिडन जेम' हवा असतो, 'एकदम युरोपसारखा'. जानेवारी २०२४ मध्ये एकाच दिवशी अटल सेतू खुला झाला आणि लोकल उरणपर्यंत आली, म्हणजे ही मंडळीही येणारच. बाबांनो, पॅरिश म्हणजे फोटोची जागा नव्हे, ती गावकी आहे. पोराचं नाव तिथल्या वहीत चढतं, लग्न तिथे लागतं, माती तिथेच मिळते. वेदीसमोर पाठ करून उभं राहून कॅमेऱ्याकडे हसणारा माणूस आपल्या गावच्या देवळात, गाभाऱ्यासमोर तेच करताना दिसला तर पुजारी त्याला काय करतील, कल्पना करा.

तेव्हा उरणला जाल तर गडाआधी गावातल्या चर्चमध्ये जा. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, मोबाइल खिशात. संपल्यावर बाहेर एखादे आजोबा उभे असतील, त्यांना नमस्कार करून विचारा: वरचं चर्च केव्हा पडलं, तुमच्या घरात त्याबद्दल काय सांगायचे? कदाचित काहीच कळणार नाही, कदाचित तासभर अडकाल. मग चढा. आणि वर कोणी त्या भिंतीवर दगडाने स्वतःचं नाव कोरत असेल तर, तो तुमच्याच ग्रुपमधला असला तरी, तिथल्या तिथे हटका. रायगडावर कोरलं असतं तर सोडलं असतंत का?