वाती विकत घेणारे यवतमाळ

श्रावण लागला की यवतमाळच्या बाजारपेठेत पूजासाहित्याची दुकाने गजबजू लागतात. अशा एखाद्या दुकानासमोर दहा मिनिटे नुसते उभे राहून पाहावे. उदबत्ती, कापूर, हळदकुंकू यांच्या शेजारी प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद केलेल्या फुलवाती, तेलवाती आणि कापसाची वस्त्रे टांगलेली असतात आणि सुशिक्षित, संस्कारी म्हणविणाऱ्या घरांतील मंडळी ती पाकिटे मुकाट्याने पिशवीत टाकून पुढे जातात. शहराची हद्द ओलांडली की दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी असते. ज्या जिल्ह्याची ओळखच पांढऱ्या सोन्याचा जिल्हा अशी सांगितली जाते, त्या जिल्ह्यातील घराला देवापुढच्या निरांजनाची वात परगावाहून आलेल्या पाकिटातून घ्यावी लागते. कोणाला ही बाब क्षुल्लक वाटेल. प्रस्तुत लेखकाला मात्र ती लाजिरवाणी वाटते आणि या लाजेतून त्याचे स्वतःचे घरही सुटलेले नाही.

थोडा हिशेब मांडू. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला, म्हणजे किलोला ७७ रुपये. एक किलो कापसातील सरकी काढली की सुमारे एक तृतीयांश रुई हाती लागते. एवढ्या रुईत सामान्य घराच्या नित्यपूजेच्या वर्षभराच्या वाती सहज होतात. आता आपल्या देवघरातील पाकीट उलटे करून त्यावरील वजन आणि किंमत वाचावी व त्रैराशिक मांडावे. मधला फरक कोणाच्या खिशात जातो हे ठाऊक नसले, तरी तो शेतकऱ्याच्या खिशात जात नाही हे समजण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हा व्यवहार आपल्या भूमीला नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. पुढे कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी रेल्वे आली, यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद मार्गाची ‘शकुंतला’ही आली. कापूस इथून जाई आणि कापड तिथून येई. या परावलंबनाविरुद्ध याच जिल्ह्याने दंड थोपटले होते. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. त्याच महिन्याच्या २१ तारखेला यवतमाळजवळच्या लोहारा येथे डॉ. हेडगेवारांनी जंगलचा कायदा मोडला आणि नऊ महिन्यांचा कारावास पत्करला. आपल्याच रानातील गवत कापणे हा तेव्हा गुन्हा होता आणि त्या गवतासाठी माणसे तुरुंगात गेली. आज आपल्याच अंगणात भाजी लावू नये, असा कोणता कायदा आहे? कोणताही नाही. तरीही अंगण उजाड आहे, कारण त्यावर सिमेंटचे ठोकळे आपण स्वतःच्या पैशाने बसवून घेतले आहेत.

वऱ्हाडात घरामागच्या त्या जागेला सांदवाडी म्हणत. मोरीचे पाणी जाई तिथे अळू आणि केळ, कुंपणावर वालाचा आणि दोडक्याचा वेल, एका कोपऱ्यात शेवगा, कढीलिंब, लिंबू आणि पपई, तर दाराशी तुळस असे. घरात अचानक पाहुणा आला तर त्याच्या पानात काय वाढावे, ही चिंता सांदवाडी मिटवीत असे. त्याच घरात उन्हाळ्यात सरगुंडे वळले जात, सांडगे घातले जात आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या जात. चातुर्मासात लक्षवातींचे व्रत घेतलेली आजी नातवंडांना शेजारी बसवून सरकी काढायला शिकवी.

अंबाडीचेच उदाहरण घ्या. तिची कोवळी पाने भाजीला, बोंडे चटणीला आणि सरबताला, तर खोडाचा वाख दोराला. शेताच्या धुऱ्यावर, कपाशीच्या तासात आणि घरामागेही ती असे. पोळा जवळ आला की त्या वाखाचे कासरे आणि मोरक्या घरोघरी वळल्या जात. आज पोळ्याच्या बाजारात बैलासाठी रंगीबेरंगी नायलॉनचा दोर मिळतो. तो टिकाऊ आहे हे मान्य, परंतु तो बैलाच्या मानेला काचतो आणि त्याचे तुकडे पुढे कित्येक वर्षे उकिरड्यावर पडून राहतात. वर्षातून एक दिवस ज्याची पूजा करायची, त्याच्या गळ्यात हे घालताना आपला हात अडखळत नाही, याचे आश्चर्य वाटते.

याउलट आता एक नवी हौस वाढीस लागली आहे. मोठ्या शहरांतून आलेल्या या हौसेत कुंड्या, माती, खत आणि बियाणे असा सगळा संच खोक्यात बंद होऊन घरपोच येतो. माती विकत, शेण विकत आणि आठ दिवसांनी उत्साह संपला की खोके अडगळीत! ‘हस्तनिर्मित’ या शब्दाचीही तीच गत झाली आहे. बुरडाच्या दारात जे सूप घेताना आपण पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो, तेच सूप रंगवून एखाद्या प्रदर्शनात टांगले की ‘कलाकृती’ म्हणून कितीतरी पट दाम आपण हसत मोजतो. ही कलेची कदर मानायची कशी? ज्याच्या बोटांनी बांबूच्या कांब्या सोलल्या त्याला ओळखही न देता त्याच्या वस्तूची प्रतिष्ठा विकत घेण्याचा हा प्रकार आहे.

एवढे लिहिले की आक्षेप येतात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप पाण्याचा. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळच्या नळांना कित्येक दिवसांआड पाणी येत होते हे कोणी विसरलेले नाही. अशा गावात भाजीला पाणी कुठून आणायचे? शहरी पाणीपुरवठ्याचे शासकीय मानक दरडोई दररोज १३५ लिटर आहे. त्यांपैकी ५५ लिटर स्नानाचे आणि १० लिटर भांड्यांचे धरलेले असते. चौघांच्या घरात हे २६० लिटर होतात. टंचाईत निम्मेच मिळाले तरी १३० लिटर पाणी आपण रोज गटारात सोडतो. केळ, अळू आणि कर्दळ यांच्या वाफ्यातून हेच पाणी फिरवले तर शेवगा, पपई आणि वेलांना ते पुरते. पावसाचे म्हणाल, तर १०० चौरस मीटर गच्चीवर ९०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ९० हजार लिटर पाणी. वाया जाणारे सोडून दिले तरी ७० हजार लिटर जमिनीत मुरविता येते. ठोकळ्यांनी झाकलेल्या अंगणात मात्र थेंबही मुरत नाही. टंचाईचे कारण पुढे करून परसबाग नाकारणारे घर त्या टंचाईत स्वतः भर घालीत असते.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो मुख्यतः घरातील स्त्रिया घेतात. तो रास्त आहे. जुन्या सांदवाडीचे गोडवे गाताना आपण सोयीस्करपणे विसरतो की तिचे सारे कष्ट बायकांच्या पाठीवर होते. आज नोकरी सांभाळून घर चालविणाऱ्या भगिनीवर वाती, वेल आणि गोधडी यांचा भार टाकून पुरुषांनी स्वदेशीवर व्याख्याने द्यावीत, हे चालणार नाही. हे काम साऱ्या घराचे आहे. संघस्थानावर दंड फिरविणाऱ्या हातांना कुदळ जड वाटण्याचे कारण नाही, आणि संध्याकाळी मालिका पाहताना वाती वळायला पुरुषांच्या बोटांना कोणताही निषेध नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे. ‘तुमच्या चार वांग्यांनी शेतकऱ्याच्या आत्महत्या थांबणार काय?’ नाही, थांबणार नाहीत. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होते. तरी हा प्रश्न सुटला नाही. कर्ज, सिंचन आणि भाव यांची उत्तरे परसबागेत शोधणे हा भाबडेपणा ठरेल. परंतु २०१७ चे ते दिवस आठवा. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पडले. त्या वेळी शहरातील आपली पहिली चिंता काय होती? आपल्या ताटातील भाजी सुरक्षित आहे ना! ज्याच्या पाठीवर पंप होता त्याच्याविषयीची हळहळ दुसऱ्या क्रमांकावर होती.

परसबागेचे खरे मोल इथे आहे. ज्याने एक दोडक्याचा वेल स्वतः वाढविला आणि ऐन फुलोऱ्यात किडीने गमावला, त्याला शेतकऱ्याची रात्र कशी जाते हे थोडे तरी उमगते. तो बाजारात किडका भाग कापून वांगे घेतो, जुडीमागे दोन रुपयांसाठी म्हातारीशी वाद घालीत नाही आणि डाग नसलेली, चकचकीत भाजीच हवी असा हट्ट धरीत नाही. ग्राहकाचा हा हट्टही भाजीवर फवाऱ्यामागून फवारा मारायला लावतो, हे आपण ध्यानात घ्यावे.

मार्ग दाखविणारी माणसे दूर नाहीत. रासायनिक शेतीतील तोटा सोसून नैसर्गिक शेतीकडे वळलेले सुभाष शर्मा आपल्याच जिल्ह्यातले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी गावठी भाज्यांचे बियाणे जतन केले आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचे नाव आले. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून दहा गुंठ्यांत एक कुटुंब सुखाने जगू शकते, असा विचार मांडला. ‘उमेद’ अभियानातील बचत गटांच्या भगिनी खेड्यांत पोषण परसबागा फुलवीत आहेत. परदेशात पाहायचे तर दुसऱ्या महायुद्धात अन्नाची जहाजे बुडू लागताच ब्रिटनने हिरवळी खोदून बटाटे लावले. लंडनच्या ऐतिहासिक किल्ल्याच्या खंदकातही भाजी पिकली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाने शहरांतील पडीक जागांवर वाफे केले. संकट आल्यावर त्यांना जे सुचले, ते आपल्याकडे संकटाआधीच होते आणि आपण ते फरशीखाली गाडले.

शेवटी आपल्याच घरात डोकावू. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आर्वीत जन्मलेल्या दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंच उभा राहिला. तेव्हापासून स्वदेशी हा शब्द आपल्या ओठांवर आहे. पण दरवर्षी दिवाळीत चिनी दिव्यांच्या माळा घेऊ नका असे एक पत्रक वाटले की आपले कर्तव्य संपते. कोणाचा माल घेऊ नये याची यादी आपल्याला पाठ आहे. आपण स्वतः काय करू शकतो, याची यादी मात्र कोरी आहे. जे घर वर्षभरात स्वतःच्या हाताने एकही वस्तू करीत नाही, ते घर दुकानदाराच्या पेढीवर देशी पाकीट निवडील एवढेच. त्याला स्वावलंबी म्हणता येणार नाही.

तेव्हा येत्या पावसाळ्याआधी अंगणातील ठोकळ्यांच्या चार ओळी उखडाव्यात आणि मृगाच्या पावसात तिथे वाल, दोडका, भेंडी आणि अंबाडी टोकावी. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की ओळखीच्या शेतकऱ्याकडून योग्य दाम देऊन किलोभर कापूस आणावा. बुरडाकडून सूप घेताना भाव करू नये आणि त्याचे नाव विचारावे. प्रत्येक वस्तीत महिन्यातून एका रविवारी आजी-आजोबांनी मुलांना वाती, दोर आणि गोधडीचा टाका शिकवावा. यासाठी अनुदान, परवानगी किंवा ठराव यांपैकी काहीही लागत नाही. पुढच्या श्रावणात तरी यवतमाळच्या देवघरात यवतमाळच्याच कापसाची, आपल्याच हाताने वळलेली वात तेवावी. एवढेही जमणार नसेल, तर स्वदेशीवरील पुढचे भाषण करण्यापूर्वी आपण क्षणभर थांबलेले बरे.