मास्तरांचा घोडा



जर्मनीत बर्लिन शहरी फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त मास्तरांचा हान्स हा घोडा होता. ‘तीन अधिक चार किती?’ विचारले की तो खुराने सात ठोके देई. १९०४ साली जाणकारांची समिती बसली. तिला लबाडी आढळली नाही.

पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी, ज्याला उत्तर ठाऊक नाही अशा माणसाकडून प्रश्न विचारवले. हान्स चुकू लागला! त्याला गणित येतच नव्हते. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत हले. ते पाहून तो थांबे.

म्हणून घोडा अडाणी ठरत नाही. आपला बैलही कासरा ओढण्याआधीच धन्याचा राग ओळखतो.

आता मोबाईलमधले यंत्रही उत्तरे देते. पण तेही पुष्कळदा विचारणाऱ्याच्या कलाने बोलते. ‘कपाशीवर मावाच पडलाय ना?’ विचाराल, तर ‘होय’ म्हणून मोकळे होईल. औषधाचे पैसे मात्र तुमचे जातील. तेव्हा नुसती लक्षणे सांगा, ‘काय असेल?’ विचारा आणि फवारणीपूर्वी पान कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.