शाळकरी मुलांमधला हाय बीपी खरंच दुप्पट झालाय का? आकडे काय सांगतात?

बीपीची गोळी म्हटलं की डोळ्यांसमोर घरातले आजी-आजोबा येतात, पाठीवर दप्तर घेतलेलं पोर येत नाही. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये 'द लॅन्सेट चाइल्ड अँड अडोलसंट हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार १९ वर्षांखालच्या मुलांमधल्या उच्च रक्तदाबाचं प्रमाण २० वर्षांत जवळपास दुप्पट झालंय.

बातमी काळजीची आहे. पण 'दुप्पट' म्हणजे नेमकं किती? सगळीकडे असंच घडलंय का? आणि भारतातल्या मुलांचं काय?

'दुप्पट' म्हणजे किती?

या अभ्यासात २१ देशांमधल्या ९६ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करण्यात आली. त्यात ४ लाख ४३ हजारांहून जास्त मुलांची माहिती होती. त्यावरून निघालेला अंदाज असा: २००० मध्ये ३.२ टक्के मुलांना उच्च रक्तदाब होता, २०२० मध्ये ६.२ टक्के मुलांना. म्हणजे शंभर मुलांमागे आधी तीन, आता सहा. जगभरात ही संख्या सुमारे ११.४ कोटी होते.

सगळ्यात ठळक फरक वजनाचा आहे. लठ्ठपणा असलेल्या मुलांपैकी सुमारे १९ टक्के मुलांना उच्च रक्तदाब होता. वजन योग्य असलेल्या मुलांमध्ये हेच प्रमाण ३ टक्क्यांहूनही कमी होतं.

म्हणजे वजन वाढलं की बीपी वाढणारच?

एका मुलापुरतं बघितलं तर धोका नक्की वाढतो. पण अख्ख्या पिढीचा हिशोब इतका सरळ नाही.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात बोगालुसा नावाचं गाव आहे. तिथल्या मुलांची १९७४ ते १९९३ या काळात वेळोवेळी तपासणी झाली. या काळात लठ्ठ मुलांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं, रक्तदाबात मात्र किरकोळच बदल झाला. हिंदी महासागरातल्या सेशेल्स या बेटांच्या देशातही १९९८ ते २००६ दरम्यान मुलांची वजनं वाढली, पण रक्तदाब त्या वेगाने वाढला नाही.

पण पुढे अमेरिकेतच वेगळं चित्र दिसलं. १९८८-९४ आणि १९९९-२००० या दोन सर्वेक्षणांची तुलना केली, तेव्हा ८ ते १७ वर्षांच्या मुलांचा सरासरी वरचा आकडा १.४ ने आणि खालचा ३.३ ने वाढलेला आढळला.

याचा अर्थ वजन हे मोठं कारण असलं तरी एकमेव नाही. आहारातलं मीठ, जन्माच्या वेळचं वजन, आनुवंशिकता अशा अनेक गोष्टी एकाच वेळी काम करत असतात.

पुण्यातल्या मुलांनी काय दाखवलं?

पुण्याच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या ८ वर्षांच्या ४७७ मुलांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्ताचं वजन सारखं धरून तुलना केली, तर जन्माच्या वेळी वजन कमी असलेल्या मुलांचा वरचा रक्तदाब जास्त होता. जन्मतः बारीक पण आठव्या वर्षी अंगात चरबी जास्त, अशा मुलांमध्ये पुढच्या हृदयविकाराचा धोका दाखवणाऱ्या खुणा सगळ्यात जास्त होत्या.

भारतात कमी वजनाची बाळं मोठ्या संख्येने जन्मतात. त्यामुळे 'लहानपणी बारीक होता, आता कसा गुटगुटीत झालाय' हे कौतुक जरा जपूनच करायला हवं.

भारतातला आकडा ५ टक्के की २५?

२०१६ ते २०१८ दरम्यान देशात 'सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण' झालं. त्याच्या अहवालानुसार १० ते १९ वयोगटातल्या ५ टक्के मुलांना उच्च रक्तदाब होता. २०२२ मध्ये संशोधकांनी याच सर्वेक्षणाची माहिती अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या निकषांवर तपासली. तेव्हा १०-१२ वयोगटात सुमारे ३५ टक्के आणि १३-१९ वयोगटात सुमारे २५ टक्के असं प्रमाण आलं.

मुलं तीच, पण 'जास्त' कशाला म्हणायचं याची रेषा बदलली. नव्या निकषांत १३ वर्षांपासून पुढे १३०/८० ही मर्यादा आहे. त्याहून लहान मुलांसाठी वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून मर्यादा ठरते. शिवाय एकाच दिवसाच्या मोजमापावर निदान होत नाही. तीन वेगवेगळ्या भेटींमध्ये आकडा जास्त यावा लागतो. सर्वेक्षण करणारे मात्र घरी एकदाच येतात.

म्हणूनच दीर्घकालीन कल समजायला तीच पद्धत, तेच निकष आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा मोजणी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ठरावीक वर्षांनी होतं, पण त्यात रक्तदाब १५ वर्षांपासून पुढेच मोजतात. सहावी-सातवीतलं मूल त्यात येतच नाही.

मोजताना चूक कुठे होते?

दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यात. मुलाच्या दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो, मोठा असेल तर कमी. धावत आलेल्या किंवा घाबरलेल्या मुलाचा बीपीही जास्त दिसतो. उलट काही मुलांचा बीपी दवाखान्यात नॉर्मल आणि घरी जास्त असतो. लॅन्सेटच्या अभ्यासात अशा मुलांचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास होतं.

दोन्ही चुका महागात पडतात. एकीत धडधाकट मुलावर 'पेशंट' हा शिक्का बसतो. दुसरीत त्रास असलेलं मूल सुटून जातं, कारण वाढलेला बीपी बहुतेक वेळा काही लक्षणच दाखवत नाही. अगदी लहान मुलांमध्ये तर त्यामागे किडनीचा आजार असू शकतो.

मग करायचं काय?

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे की, तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदा बीपी मोजावा. लसीसाठी किंवा तापासाठी दवाखान्यात गेल्यावर पालक 'बीपी बघता का?' असं विचारू शकतात. आकडा जास्त आला तर घाबरून गोळी शोधायची नाही. योग्य मापाच्या पट्ट्याने, मूल शांत बसलेलं असताना पुन्हा मोजून घ्यायचा.

नियम कागदावर आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्येच शाळांच्या कॅन्टीनमध्ये जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकायला बंदी घातली. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेपासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकता येत नाहीत. शाळांमध्ये मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. तपासणीला येणाऱ्या पथकाने दरवर्षी योग्य मापाच्या पट्ट्याने बीपी मोजून त्याची नोंद ठेवली, तर दहा वर्षांनी 'दुप्पट झाला का?' या प्रश्नाचं उत्तर परदेशी अंदाजांत शोधावं लागणार नाही. ते शाळेच्या आरोग्य कार्डावरच सापडेल.