पोट कडक होतंय? पहिला फोन मिडवाइफला करा

न्यूझीलंडमधल्या मराठी कुटुंबांना कळकळीची विनंती. घरात कुणी गरोदर असेल तर हे आजच वाचा, तिलाही वाचायला द्या.

ऑकलंडमध्ये रात्रीचे दोन वाजलेले असतात. सहाव्या महिन्यातल्या मुलीचं पोट राहून राहून कडक होतं. भारतात तेव्हा संध्याकाळ, म्हणून पहिला फोन आईला जातो. "गॅस धरला असेल, ओव्याचं पाणी घे, पडून राहा." आईची माया खरी, पण तिचा हात त्या पोटावर नाही.

पोट अधूनमधून घट्ट होणं आणि पाणी प्यायल्यावर, कूस बदलल्यावर सैल पडणं बहुतेकींना होतं. त्याला घाबरू नका. तळवा पोटावर ठेवून पाहा. सगळं पोट टणक होऊन पुन्हा सैल पडतंय, आणि तेही तासात चार-पाचदा, तर ३७ आठवड्यांआधी त्याला कळाच समजा आणि फोन करा. पाळीसारखं दुखणं, कंबर भरून येणं, ओटीपोटात खाली दाब, बाळाची हालचाल मंदावणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, यातलं एक जरी असलं तर मोजत बसू नका.

गर्भपिशवीचं तोंड मात्र कधीकधी कळ न येताच आखूड होतं, उघडू लागतं. जाणवतो तो फक्त जडपणा आणि नेहमीपेक्षा जास्त पाणचट स्राव. म्हणून आधी पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भ गेला असेल, दिवस भरण्याआधी बाळंतपण झालं असेल किंवा पिशवीच्या तोंडावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. सासरी ठाऊक नसलं तरी सांगा. मिडवाइफशी एकटीने बोलायचंय, असं म्हणता येतं. सोनोग्राफीत तोंडाची लांबी मोजतात, गरजेप्रमाणे प्रोजेस्टेरॉन देतात किंवा टाका घालतात. तो टाका जगाला दिला गोव्यातल्या शिरोड्याच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी, मुंबईत, १९५५ साली. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. टाका घातलेला असताना पोट कडक व्हायला लागलं, तर क्षणभरही थांबू नका.

घाई का, तेही सांगते. आईला वेळेत स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वास घेणं सोपं जातं, हे लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं, तेही इथेच, ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात. पण त्याचा पुरता गुण यायला साधारण एक दिवस लागतो. "सकाळी बघू" म्हणताना हातचा जातो तो नेमका हाच वेळ.

मिडवाइफ फोन उचलत नसेल तर प्रसूती विभागाला किंवा हेल्थलाइनला ०८०० ६११ ११६ वर लावा. ती चोवीस तास आणि मोफत आहे. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा. १९९६ च्या रुग्णहक्क संहितेत तो हक्क आहे. रक्त जास्त जात असेल तर थेट १११. हे सगळे नंबर आज रात्रीच फ्रिजवर लावा, आणि नवऱ्याच्या, बाळंतपणासाठी आलेल्या आईच्या, सासूबाईंच्या फोनमध्येही घाला.